डहाळी दारावर असेपर्यंत

९ मे

डहाळी मीच लावली. शिडीवर मी, खाली आत्या.

"डावीकडे घे. अरे, डावीकडे म्हणजे समुद्राकडे! रॉटरडॅमला जाऊन डावं-उजवं पण विसरलास?"

तमालपत्राची ओली फांदी, दोरीने खिळ्याला बांधलेली. आता विलारमेआन गावभर सगळ्यांना कळलं की ओब्दुलियाच्या, म्हणजे आत्याच्या, घरची वाइन तयार आहे.

रॉटरडॅमच्या खोलीत सगळ्या पोरांना फुरांचो म्हणजे काय ते समजावताना माझी जीभ झिजली होती. हॉटेल नाही रे, घरच ते! वेलीखाली बाकं टाकायची, घरचे चार-पाच पदार्थ करायचे आणि स्वतःच्या द्राक्षांची वाइन पिंपातून काढून द्यायची. वाइन आहे तोवर डहाळी दारावर. संपली की डहाळी खाली आणि दार बंद. घरची वाइन बाहेर न्यायची नाही, बाहेरची आत आणायची नाही. आणलेली सापडली तर परवाना कायमचा जातो. वरच्या आळीतल्या एकाचा गेला, तो आता दिवसभर टीव्ही बघतो, बंद असला तरी.

आत्याचा नवरा, माझा काका, जाऊन आठ वर्षं झाली. अंगण उघडं असतं तेव्हा ती बोलते, भांडते, लोकांच्या ताटात न मागता ऑक्टोपस वाढते. बाकीच्या महिन्यांत कुणाशी बोलते देव जाणे. कोंबड्यांशी, बहुतेक.

मी इथे पंधरा दिवसांसाठी आलो होतो, मार्चमध्ये. पण कपडे अजून पिशवीतच आहेत, म्हणजे राहिलो असं म्हणता येणार नाही.

१० मे

आत्याची एक गंमत लिहायची राहिली. रोज सकाळी कोंबड्या सोडण्याआधी ती तळघरात जाते आणि पिंपावर बोटाच्या पेराने टकटक करते. वर, मग जरा खाली, मग अजून खाली. पिंपाला नमस्कार! मी विचारलं, "आज काय म्हणतंय?" तर म्हणाली, "तुझ्यापेक्षा कमी बोलतं, पण खरं बोलतं."

१४ मे

सेते ओंदासमध्ये, म्हणजे 'सात लाटां'मध्ये, काम मिळालं! धक्क्यावरचं ते काचेचं हॉटेल, जिथे माद्रिदची माणसं बूट पुसून आत जातात.

झालं असं. काल दुपारी सेते ओंदासचा मालक लेआंद्रो स्वतः आमच्या अंगणात आला. आमच्याकडे वाइन चिनीमातीच्या वाटीतून पितात. हा आपला काचेचा पेला रुमालात गुंडाळून घेऊन आला. सिप्रियानो म्हातारा त्याच्या नेहमीच्या बाकावर होताच. चाळीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर काढलेला माणूस, त्याच्या तोंडाला दार नाही.

"काय हो शेफ, आमच्या वाट्या कुत्र्याने चाटल्यात का?"

लेआंद्रो हसला, पण पेल्यातूनच प्यायला. मग पेला उजेडात धरून बघत राहिला. नंतर त्याने मला काय काय विचारलं! वेलीखाली किती टेबलं बसतील, सूर्य कुठल्या बाजूला मावळतो, घर आत्याच्या एकटीच्या नावावर आहे का. या घरात इतका रस माझ्या बापानेही कधी घेतला नाही. निघताना म्हणाला, "तुझ्यासारखं जग पाहिलेलं पोरगं मला हवंय." जग म्हणजे दोन बंदरं आणि फ्रान्समधली एक द्राक्षतोडणी, पण मी कशाला सांगू!

आत्या म्हणाली, "तो जेवायला नव्हता आला. मापं घ्यायला आला होता. तीनदा अंगण विकत मागून झालंय त्याचं." इस्त्रीचा एप्रन घातलेला माणूस आत्याला बघवतच नाही.

२० मे

आज त्याने मला पाहुण्यांच्या टेबलावर बसवून जेवू घातलं. म्हणाला, जे वाढायचं ते आधी खाऊन बघावं. इरिया वाढायला होती. ती माझ्याच शाळेतली, पण तिने शाळा पुरी केली.

एका गरम दगडावर एकच शिंपला आला, त्यावर फेस. इरिया गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "ओहोटीचा श्वास." मी म्हटलं, "आणि शिंपल्याची बायको-पोरं कुठायत?" तिला हसू आवरेना, तिने तोंड फिरवलं. मग एक पान आलं, नुसतं पान, खारं. मग माशाच्या गालाचा एवढासा तुकडा. तो मात्र असा होता की मी डोळे मिटले. खोटं कशाला बोला, असा मासा मी जन्मात खाल्ला नव्हता. तेव्हा वाटलं, या माणसाच्या हाताला चव आहे.

घरी आलो आणि आत्याचं बटाट्याचं अर्धं ऑम्लेट उभ्या उभ्या खाल्लं. "तिकडे उपास होता का?" आत्या.

२७ मे

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण ही माझी कल्पना आहे आणि ती चांगली आहे.

लेआंद्रो म्हणाला, त्या शिंपल्यासोबत त्याला एकच वाइन दिसते, आत्याची. बाटली नाही, लेबल नाही, मातीच्या वाटीत घोटभर, 'आजीचा घोट' म्हणून. मी म्हटलं, बाहेर न्यायची परवानगी नसते. तो म्हणाला, "विकतंय कोण? भाच्याने घरून थोडी आणली, मित्रांना पाजली. मी काय नाव घेणार आहे?"

आत्या मासळीबाजारात गेली की घर रिकामं. मी वेताने मढवलेला बुधला भरला, वर जाळ्याचा तुकडा टाकला आणि हातगाडीवरून उतार उतरून सेते ओंदासला नेला. पीप एवढं मोठं आहे की त्यात माणूस मावेल. त्याला काय कळणार?

आणि पुढचं मुद्दाम लिहितो. संध्याकाळी एका बाईने, गळ्यात मोती असलेल्या, तो घोट घेतला आणि बोलता बोलता थांबली. तिने नवऱ्याच्या हातावर हात ठेवला. आत्याच्या वाइनने! आत्याला सांगायला हवं होतं. सांगेन. आधी चांगलं मोठं काहीतरी होऊ दे, मग सांगेन.

३ जून

अंगण भरलेलं. हिरव्या मिरच्यांच्या ताटात एक जहाल निघाली, एका डॅनिश माणसाला लागली. तो रडत रडत बायकोला सांगत होता की आपण ठीक आहोत. अख्खं अंगण त्याला पाणी द्यायला धावलं, आणि सिप्रियानो ओरडत होता, "पाणी नको, पाव द्या, पाव!" तो डॅनिश आता रोज येतो. त्याच्याकडे एक तीनपायी कुत्रा आहे, त्याचं नाव मला उच्चारता येत नाही. कुत्र्याबद्दल लिहायचं नव्हतं.

लिहायचं होतं ते हे. आत्या तळघरातून जग भरून वर आली आणि सिप्रियानोला म्हणाली, "यंदा पीप स्वतःही पितंय."

"लाकूड कोरडं असेल," तो म्हणाला.

"असेल."

आणि माझ्याकडे बघून, "ब्राइस, ताटं उचल." बस, एवढंच. लाकूड कोरडं असेल तर आपण काय करणार?

१२ जून

आता एक दिवसाआड बुधला जातो. लेआंद्रोकडे 'आजीचा घोट' मागून घेणारे लोक येतात. मला नवा सदरा मिळाला, कॉलरवर सात लाटा शिवलेला.

आत्या आता पिंपाला नमस्कार करायला गुडघ्यांवर बसते. वय झालं. उठताना भिंतीचा आधार घेते. मी म्हटलं, "कशाला एवढं वाकतेस? उभ्यानेच ठोक की."

तिने गुडघे झटकले आणि कोंबड्या सोडायला गेली.

जेवताना म्हणाली, "तुला काही सांगायचंय का मला?"

मी तेनेरीफे बेटावरच्या हॉटेलबद्दल सांगत बसलो, तिथे बारा महिने माणसं हवी असतात वगैरे. तिने ऐकून घेतलं आणि माझ्या ताटात आणखी घेवडा वाढला. अर्धा मी कोंबड्यांना घातला.

१८ जून

नळ खाकरला.

दुपारी बुधला भरताना धार मधेच बारीक झाली, हवा आली, मग पुन्हा धार. मी पिंपाला खांदा लावून हलवलं. आत पाणी नावेच्या तळाशी हलतं तसा आवाज आला. तळाशी!

सान शोआनचा सण पाच दिवसांवर. त्या दिवशी दुपारी बंदरातली सगळी माणसं आत्याच्या अंगणात तारल्या खातात. काका होता तेव्हा शेगडीपाशी तो उभा असायचा. आता आत्या उभी राहते, त्याची टोपी घालून. अंगण सुरू झाल्यापासून सान शोआनच्या आधी डहाळी एकदाही उतरलेली नाही, एवढं एकच ती अभिमानाने सांगते. वर्षभर आजारी असलेली माणसंसुद्धा त्या दिवशी चालत येतात.

आणि तळाशी दोन-चार जग उरलेत.

भरलेला बुधला परत ओतावा असं मनात आलं. पण लेआंद्रोचे पाहुणे बसलेले होते. नेला.

१९ जून

लेआंद्रोला सांगितलं. वाटलं, घाबरेल. तो चाकूला धार लावत होता, मान वर न करता म्हणाला, "एवढंच ना? घेतली तेवढी परत देतो. सहकारी कारखान्याची चांगली पांढरी वाइन आहे माझ्याकडे, प्लॅस्टिकच्या डब्यांत. तारल्यांबरोबर कुणाला फरक कळतोय? तुझ्या आत्याचा सण वाचेल."

"पण बाहेरची…"

"बाहेरची? दरीपलीकडचीच तर द्राक्षं. ब्राइस, तू बंदरं पाहिलेला माणूस ना?"

माणूस वाईट नाही. वाईट असता तर परत कशाला दिली असती?

२१ जून

कामात डोकं नाही.

आज दुपारी एक बाई एकटीच जेवायला आली होती. बारीक, केस मागे घट्ट बांधलेले, नखं अगदी बोटांपर्यंत कापलेली. लेआंद्रो स्वतः तिच्या टेबलाशी बसला. माद्रिदच्या मंत्र्याशीसुद्धा तो बसत नाही! तिने वाइन नको म्हटलं, नुसतं पाणी. मी कॉफी ठेवायला गेलो तेव्हा तो म्हणत होता, "आमच्या गावची खरी चव बघायची तर सान शोआनला वर जा. ओब्दुलियाचं अंगण. दुपारी, भर गर्दीत." आत्याचं एवढं कौतुक त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. बरं वाटलं जरा.

कॉफीचं बिल त्याने लावलं नाही.

२२ जून

ओतली.

आत्या तारल्या आणायला लिलावात गेली होती. डबे एकेक करून तळघरात उतरवले. एक डबा पायरीवर आपटला, फुटला नाही. वरच्या भोकात नरसाळं लावलं आणि ओतत राहिलो. वास वेगळा नव्हता. म्हणजे, मला वाटतं नव्हता. थोडा सफरचंदाचा, थोडा काहीच नाही.

डबे कोंबड्यांच्या खुराड्यामागे गवताखाली लपवले. लाल तुर्‍याची कोंबडी माझ्याकडे बघत होती. कोंबडी कोणाला सांगणार म्हणा.

आत्या आली, तारल्यांच्या पेट्या उतरवल्या, मिठात घातल्या. सणाच्या तयारीसाठी तिने चार दिवस अंगण बंदच ठेवलंय. "उद्या तिकडे जातोयस?" तिने विचारलं. म्हटलं, सकाळी जातो, जेवणाआधी परत येतो.

"ये मात्र," ती म्हणाली. "टोपी तुझ्या डोक्यावर घालायची म्हणते यंदा. माझे गुडघे दुखतात."

२३ जून, सान शोआन

लिहायला बसलोय, हात अजून धुराने काळे आहेत.

सकाळी सेते ओंदासमध्ये चमचे पुसत होतो. इरिया माझ्या शेजारी. ती सहज म्हणाली, "परवाची ती घट्ट केसांची बाई माहितीये कोण? तपासणीवाली. फुरांचोंच्या वाइनचे नमुने घेते. माझ्या मामाकडे आली होती, पावलाचासुद्धा आवाज करत नाही."

माझ्या हातातले चमचे तसेच राहिले.

"कुठे जाणारे ती आज?"

"मला काय माहीत? शेफला विचार, त्यांनीच तर बोलावलं होतं."

काचेतून मला लेआंद्रो दिसला. तो गच्चीच्या कठड्याशी उभा राहून वर, आमच्या वेलीकडे बघत होता. टेबलं, सूर्य, घर कुणाच्या नावावर. सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. मी सदरा तिथेच काढला आणि बनियनवर पळत सुटलो. उतार चढताना धाप लागली, वाटेत लोकच लोक, सगळे आमच्याकडेच निघालेले. "अरे ब्राइस, आग लागली का?" "कपडे कुठायत?" मी कुणाकुणाला ढकललं.

अंगण भरलं होतं. शेगडी पेटलेली. डहाळी दारावर, सुकून खडखडीत. आत्या तळघरातून पहिला जग घेऊन वर येत होती.

पहिली वाटी तिचीच असते, सगळ्यांच्या देखत. मग बाकीच्यांना. मी गर्दीतून ओरडलो, "आत्या!" पण तोवर वाटी ओठांना लागली होती.

तिने एक घोट घेतला. गिळला नाही. वाटी खाली ठेवली, बाजूला वळून मातीत थुंकली.

शेगडीत चरबी चुरचुरत होती तेवढंच ऐकू येत होतं.

तिने मला बघितलं. बनियनवर, घामाने थबथबलेला. मी खुराड्याकडे हात केला, का ते माहीत नाही. तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आंबली," आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "माझी वाइन आंबली यंदा. पीप नीट धुतलं नव्हतं मी."

"तुझी? आंबली?" सिप्रियानो उभाच राहिला. "बघू, मला दे…"

"खाली बस, सिप्रियानो."

तो बसला.

"ब्राइस, शिडी आण. डहाळी काढ."

मी चढलो. सगळं बंदर खालून बघत होतं. दोरीची गाठ मीच मारलेली, मलाच सुटेना. दातांनी सोडवली. तोवर आत्या तळघरात गेली होती. खालचा नळ तिने पूर्ण उघडला. वाइन उंबऱ्यावरून वाहत आली, अंगणातून गल्लीत, गल्लीतल्या दगडांवरून उताराला लागली. लोकांनी पाय वर घेतले. ती तशीच धक्क्यापर्यंत गेली असेल, त्याच्या काचेच्या दारापर्यंत. मी पाहायला गेलो नाही.

शेवटचे थेंब पडत असतानाच ती बाई आली. दारावर नुसता खिळा. तिने खिळ्याकडे पाहिलं, ओल्या दगडांकडे पाहिलं.

"ओब्दुलियाचं फुरांचो हेच ना?"

"होतं," आत्या म्हणाली. "वाइन संपली, डहाळी उतरली. आता हे माझं घर आहे आणि ही माझी माणसं जेवतायत. भूक असेल तर बसा."

बाई क्षणभर उभी राहिली. मग हातातली नमुन्यांची पेटी बाकाखाली सरकवून बसली. तिने पाण्याबरोबर मक्याच्या भाकरीवरच्या तारल्या खाल्ल्या, बोटं चाटली. जाताना नाक जरा वर करून म्हणाली, "गल्लीत छान वास येतोय."

"सणाचा आहे," आत्या म्हणाली.

मग सगळे पाणीच प्यायले. सान शोआनला, पाणी! शेगडीपाशी मीच उभा होतो. टोपी मात्र आत्याच्या डोक्यावर होती. सिप्रियानो ताट घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "बाटली फुटेल, बोट बुडेल, पण ओब्दुलियाची वाइन आंबणार नाही. ती आंबली म्हणते, म्हणून आम्ही मानतो. तुझ्यासाठी नाही, लक्षात ठेव."

त्याच्या ताटात मी तारल्या वाढल्या. त्याने त्यातली एक परत शेगडीवर टाकली. "कच्ची आहे."

२४ जून

सेते ओंदासमध्ये गेलो, सदऱ्याबद्दल म्हणून. लेआंद्रो म्हणाला, "मी तुला चांगली वाइन दिली. तुझ्या आत्याने गटारात ओतली, त्याला मी काय करू?" वर म्हणाला, तिला विचार, आता तरी अंगण देते का. इरियाने मला मागच्या दाराने बाहेर सोडलं आणि पावाचा एक तुकडा हातात दिला. तो खाल्ला. लाज वाटली, पण भूक लागली होती.

घरी आत्या बोलत नाही. ओरडतही नाही. ओरडली असती तर बरं.

डहाळीची पानं तिने घेवड्याच्या भांड्यात टाकली. अख्ख्या घराला वास.

२९ जून

तेनेरीफेचं विमान आज होतं, तिकीट मी काढून ठेवलं होतं. वीगोहून, सकाळी. पिशवी उचलून मी दारापर्यंत आलो, तर आत्या तळघराच्या पायरीवर बादली आणि ब्रश घेऊन बसलेली.

"पिंपात शिरायला बारीक माणूस लागतो," ती म्हणाली. "तुझा काका शिरायचा, लग्न झालं तेव्हा."

पिशवी खाली ठेवली. पिंपाच्या तळाशी एक छोटं दार असतं. आधी डोकं, मग एक खांदा, मग श्वास सोडून दुसरा. आत काळोख, लाकडाचा आंबट वास, माझाच श्वास कानात. मी घासायला लागलो.

मग बाहेरून टकटक झाली. अगदी वर, माझ्या डोक्याजवळ.

"कसं वाजतंय?" आत्याचा आवाज.

"पोकळ."

तिने जरा खाली ठोकलं. "आणि हे?"

"पोकळच."

"पीप भरलेलं असलं की मुकं असतं," ती बाहेरून म्हणाली. "मे संपताना एका सकाळी हे खालचं वाजलं. आदल्या सकाळी मुकं होतं. एवढं एका दिवसात अख्खं बंदर पीत नाही. मग रोज खाली. शेवटी गुडघ्यावर बसावं लागलं मला."

मी ब्रश थांबवला. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं तुला?"

"पहिल्या."

"मग बोलली का नाहीस?"

कोंबडीचा आवाज आला, बादलीची कडी वाजली.

"तू बोलशील म्हणून," ती म्हणाली.

मी आतून लाकडावर बोटाच्या पेराने ठोकलं, एकदा. आवाज माझ्याभोवती फिरला आणि विरला. मग त्या छोट्या दारातून तिचा हात आत आला. हातात दुसरा ब्रश होता, कडक केसांचा.

"याने घास," ती म्हणाली. "बाहेरचा वास अजून आहे."